लंडनची सहल खिशाला झेपेल अशी कशी आखावी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

लंडन महाग आहे, यात शंका नाही. मात्र तो महागपणा सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, हे निघण्यापूर्वीच समजून घेतले तर सहलीचा खर्च बराच आटोक्यात राहतो. या शहरातल्या सर्वांत मोलाच्या गोष्टी, म्हणजे राष्ट्रीय संग्रहालये, चित्रदालने, मोठमोठी उद्याने आणि नदीकाठचे रस्ते, बहुतांशी विनामूल्य आहेत. पैसा जातो तो मुक्कामाची जागा घाईने ठरवल्यामुळे, चलनाच्या व्यवहारातल्या न दिसणाऱ्या कपातीमुळे, प्रवासाच्या कार्डाचे नियम ठाऊक नसल्यामुळे आणि भूक लागल्यावर समोर दिसेल त्या उपाहारगृहात शिरल्यामुळे. म्हणून काटकसर कोठे करायची आणि कोठे मुळीच करायची नाही, हे मी येथे क्रमाने सांगणार आहे.

महाराष्ट्रातून आठ-दहा दिवसांसाठी पर्यटक म्हणून जाणारी कुटुंबे आणि मुलांकडे जाणारे आईवडील यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. येथे दिलेले दर मुख्यतः २०२५ सालचे आहेत. प्रवासभाडे साधारणपणे दरवर्षी मार्चमध्ये बदलते, त्यामुळे निघण्यापूर्वी लंडनच्या वाहतूक प्राधिकरणाच्या म्हणजे ‘टीएफएल’च्या आणि ब्रिटिश सरकारच्या अधिकृत संकेतस्थळांवर ताजे आकडे पाहून घ्यावेत.

१. आधी तारखा ठरवा

विमानभाडे आणि हॉटेलचे दर हे दोन्ही तारखांवर ठरतात, म्हणून सुरुवात येथून करावी. आपल्याकडची मे महिन्याची सुट्टी आणि तिकडची जुलैअखेर ते ऑगस्टची शाळांची सुट्टी हा सर्वांत महाग काळ. जानेवारी-फेब्रुवारीत दर उतरतात, पण दिवस फार लहान असतो आणि थंडीचे कपडे नव्याने घ्यावे लागले तर वाचलेले पैसे त्यातच जातात. शाळेचे बंधन नसलेल्यांनी सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ निवडावा, असे माझे मत आहे. उजेड पुरेसा असतो, गर्दी ओसरलेली असते आणि साध्या स्वेटरवर निभावते. दिवाळीच्या सुट्टीत मात्र आपल्या बाजूने विमानभाडे पुन्हा वाढते.

नाताळात जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. २५ डिसेंबरला लंडनमध्ये भुयारी रेल्वे, लोकल गाड्या आणि बसगाड्या धावत नाहीत. त्या दिवशी विमान उतरत असेल तर टॅक्सीला पर्याय राहत नाही आणि तिचे भाडेही त्या दिवशी चढे असते.

थेट विमानापेक्षा मधे थांबणारे विमान स्वस्त मिळते, परंतु युरोपातल्या काही विमानतळांवर नुसते विमान बदलण्यासाठीही भारतीय पारपत्रधारकांना वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. स्वस्त तिकीट घेण्यापूर्वी ही चौकशी करावी. आखाती देशांतून जाणाऱ्या विमानांना सहसा ही अडचण येत नाही.

२. व्हिसा: अधिकृत शुल्क भरा, बाकीचे ऐच्छिक समजा

पर्यटकांसाठीच्या सहा महिन्यांपर्यंतच्या ‘स्टँडर्ड व्हिजिटर’ व्हिसाचे शुल्क ९ एप्रिल २०२५ पासून १२७ पाउंड झाले. अर्ज ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. तसेच दिसणारे संकेतस्थळ काढून वर ‘सेवाशुल्क’ उकळणारे बरेच आहेत, म्हणून पत्ता नीट वाचावा. अर्ज भरल्यावर बोटांचे ठसे व छायाचित्र देण्यासाठी ‘व्हीएफएस’ या अर्ज स्वीकारणाऱ्या खासगी कंपनीच्या केंद्रावर जावे लागते. तेथे एसएमएस, कुरिअर, खास प्रतीक्षाकक्ष, कागदपत्रे स्कॅन करून देणे अशा अनेक सशुल्क सेवा पुढे केल्या जातात. यांतली एकही सक्तीची नाही. कागदपत्रे घरीच स्कॅन करून चढवता येतात.

सोबत लागणारी कागदपत्रे साधारण अशी:

- चालू पारपत्र आणि जुनी पारपत्रे असल्यास तीही
- मागील सहा महिन्यांचे बँक खात्याचे विवरण
- नोकरी असल्यास पगारपत्रके व रजा मंजुरीचे पत्र, व्यवसाय असल्यास नोंदणीची कागदपत्रे, निवृत्त असल्यास पेन्शनचा पुरावा
- आयकर विवरणपत्रे
- प्रवासाचा ढोबळ आराखडा आणि मुक्कामाचा तपशील
- मुलांकडे किंवा नातेवाइकांकडे राहणार असल्यास त्यांचे निमंत्रणपत्र, त्यांच्या पत्त्याचा आणि तिथल्या वास्तव्याच्या परवानगीचा पुरावा

अर्जाच्या आधी कोणाकडून तरी रक्कम आणून खात्यात भरणे, ही यातली सर्वांत घातक सवय आहे. अचानक आलेल्या मोठ्या रकमेचा उगम सांगता आला नाही तर अर्ज नाकारला जाऊ शकतो आणि शुल्क परत मिळत नाही. खात्यात रक्कम कमी असली तरी तिचा खरा हिशेब लागणे महत्त्वाचे. विमानाचे पैसे भरलेले तिकीट अर्जासाठी आवश्यक नाही. व्हिसा हाती येण्यापूर्वी ते काढू नये, असाच सरकारी सल्ला आहे. हॉटेलही तोपर्यंत विनाशुल्क रद्द करता येईल असेच ठरवावे.

प्रवास विमा या व्हिसासाठी सक्तीचा नाही, आणि म्हणूनच अनेक जण तो टाळतात. येथे मात्र काटकसर करू नये. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयात तातडीच्या विभागात प्राथमिक उपचार मोफत होतात, पण रुग्णाला दाखल करून घेतले की परदेशी पर्यटकाला बिल लागते आणि ते सरकारी दराच्या दीडपट असते. साठीच्या पुढच्या आईवडिलांचा विमा भारतातूनच काढावा आणि रक्तदाब, मधुमेह यांसारखे आधीचे आजार न लपवता लिहावेत. रोजची औषधे पूर्ण मुक्कामाला पुरतील इतकी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवावीत.

३. पैसे नेणे आणि खर्च करणे

नेहमीचे डेबिट किंवा क्रेडिट कार्ड परदेशात वापरले की बहुतेक बँका साधारण साडेतीन टक्के अधिभार लावतात आणि त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. एक लाख रुपयांच्या खर्चावर हे ४,१३० रुपये होतात आणि ते कोणत्याही पावतीवर वेगळे दिसत नाहीत. म्हणून पाउंड भरलेले फॉरेक्स कार्ड घ्यावे किंवा परकीय चलनावर अधिभार न लावणारे कार्ड निघण्यापूर्वी महिनाभर आधी मागवावे. कोणतेही कार्ड घेतले तरी ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय वापर आणि स्पर्शाने पैसे देण्याची सोय स्वतः चालू करावी, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०२० सालच्या आदेशानुसार नव्या कार्डांवर या सुविधा मुळातून बंद असतात. यूपीआयवर विसंबून जाऊ नये.

दुकानात कार्ड लावल्यावर कधी कधी यंत्राच्या पडद्यावर दोन रकमा दिसतात, एक पाउंडात आणि दुसरी रुपयांत. रुपयांची रक्कम ओळखीची वाटते, शिवाय विक्रेताही सहजपणे ‘तुमच्या चलनात देता का?’ असे विचारतो. नेहमी पाउंडच निवडावेत. रुपये निवडले की विनिमयाचा दर त्या यंत्रामागची कंपनी ठरवते आणि तो जवळजवळ नेहमीच तुमच्या तोट्याचा असतो. एटीएमवरही हाच प्रश्न येतो आणि त्याचे उत्तरही हेच.

रोख रक्कम थोडीच, शंभर-दीडशे पाउंड, पुरते, कारण शहरात कार्ड सर्वत्र चालते आणि काही दुकाने रोख घेतही नाहीत. विमानतळावर चलन बदलू नये. नातेवाइकांनी जपून ठेवलेल्या जुन्या नोटा कोणी हौसेने दिल्या तर त्या तपासून घ्याव्यात. २० आणि ५० पाउंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर चलनातून बाद झाल्या आहेत आणि दुकानात फक्त प्लास्टिकच्या नोटा चालतात.

ट्रॅव्हल कंपनीकडून परदेश सहलीचे पॅकेज घेतले की त्यावर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच कापला जाणारा आगाऊ आयकर, लागतो. स्वतः चलन विकत घेतल्यास एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत तो लागत नाही. कापलेला टीसीएस आयकर विवरणपत्रातून परत मिळतो, पण तोवर पैसे अडकून पडतात.

४. मुक्काम: खोलीचे भाडे एकटे पाहू नका

सगळ्या सहलीतला हा सर्वांत मोठा निर्णय आहे. लंडनची वाहतूक गोलाकार विभागांत, म्हणजे ‘झोन’मध्ये वाटलेली आहे. मध्यभागी पहिला झोन आणि बाहेर सहावा. बाहेरच्या झोनमध्ये खोली स्वस्त मिळते, म्हणून अनेक जण वेम्बली, हाउन्स्लो किंवा साउथॉल पाहतात. तिथे आपल्या खाण्याची सोय चांगली असते, हेही खरेच. पण हिशेब पूर्ण करावा. २०२५ च्या दरांनुसार पहिल्या-दुसऱ्या झोनमध्ये दिवसभर कितीही फिरलात तरी एका माणसाचे जास्तीत जास्त ८.९० पाउंड कापले जातात. पहिल्या ते चौथ्या झोनसाठी हीच मर्यादा १२.८० आहे. दोन प्रौढांचा दिवसाला ७.८० पाउंडांचा फरक पडतो, म्हणजे आठवड्याला ५४.६०. चौथ्या झोनमधली खोली रात्रीला आठ पाउंडांपेक्षा जास्त स्वस्त असेल तरच पैसे वाचले असे म्हणता येईल, आणि रोज गाडीत जाणारा तास-दीड तास त्यात धरलेलाच नाही. माझ्या मते बहुतेकांसाठी दुसरा झोन हा योग्य मध्य आहे. स्थानकापासून दहा मिनिटांच्या आत चालत पोहोचता येईल अशी जागा मिळाली तर थोडे जास्त पैसे द्यावेत. संध्याकाळी पाय दुखत असताना याचे मोल कळते, आणि थकव्यापायी टॅक्सी करण्याची वेळ येत नाही.

पॅडिंग्टन, बेजवॉटर, अर्ल्स कोर्ट या भागांत जुन्या उंच घरांची छोटी हॉटेले झालेली आहेत. दर आकर्षक असतात, परंतु त्यांतल्या अनेकांत लिफ्ट नसते, जिने अरुंद असतात आणि स्वस्तातली खोली एक तर तळघरात असते किंवा चौथ्या मजल्यावर. गुडघ्यांचा त्रास असलेले आईवडील आणि तेवीस किलोची बॅग बरोबर असेल तर लिफ्टबद्दल विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. न्हाणीघर खोलीतच आहे की सामाईक, हेही पाहावे.

हॉटेलांखेरीज तीन पर्याय विचारात घेण्यासारखे आहेत. फिट्झरॉय स्क्वेअरमधले इंडियन वायएमसीए शहराच्या मध्यावर आहे. भारतीय विद्यार्थ्यांचे वसतिगृह म्हणून त्याची सुरुवात झाली आणि आता तेथे पर्यटकही राहतात. भारतीय पद्धतीचे जेवण ही तिथली मोठी सोय. यूथ हॉस्टेल असोसिएशनच्या वसतिगृहांत कुटुंबासाठी स्वतंत्र खोली मिळू शकते आणि बहुतेक ठिकाणी सामाईक स्वयंपाकघर असते. तिसरा पर्याय उन्हाळ्यातला: विद्यापीठांना सुट्टी लागली की लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससारख्या संस्था आपल्या वसतिगृहांतल्या खोल्या पर्यटकांना भाड्याने देतात. खोल्या साध्या असतात, पण जागा उत्तम असते.

खासगी घर भाड्याने घेताना पैसे नेहमी ज्या संकेतस्थळावर घर पाहिले तिथूनच भरावेत. ‘थेट बँक खात्यात पाठवा, कमी करून देतो’ असा निरोप आला की तो व्यवहार तिथेच थांबवावा. फोटोतले घर अस्तित्वातच नसण्याचे प्रकार घडतात.

५. विमानतळावरून शहरात

हीथ्रोवरून मध्य लंडनला जाण्याचे तीन रेल्वेमार्ग आहेत आणि त्यांच्या भाड्यांत मोठी तफावत आहे. भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली लाइनने २०२५ मध्ये ५.८० पाउंड लागत आणि साधारण तासभर जातो. मे २०२२ मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनने २०२५ मध्ये १३.९० पाउंड लागत आणि अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येते. हीथ्रो एक्स्प्रेसने पॅडिंग्टनला पंधरा मिनिटांत, पण आयत्या वेळी काढलेले तिकीट २५ पाउंडांचे. विमानतळावर सर्वांत ठळक फलक याच गाडीचे दिसतात, त्यामुळे नवखा माणूस तिकडेच वळतो. सामान जास्त नसेल तर पिकॅडिली लाइन घ्यावी. वयस्कर माणसे व मोठ्या बॅगा असतील तर एलिझाबेथ लाइनचे जादा पैसे सत्कारणी लागतात, कारण तिची मध्य लंडनमधली स्थानके नवी, लिफ्ट असलेली आणि डबे प्रशस्त आहेत. चार जणांचे कुटुंब आणि रात्रीचे विमान असेल तर आधी ठरवलेली टॅक्सीही हिशेबात बसू शकते.

गॅटविकला उतरणाऱ्यांनी गॅटविक एक्स्प्रेसऐवजी त्याच रुळांवरून जाणाऱ्या थेम्सलिंक किंवा सदर्नच्या साध्या गाड्या पाहाव्यात.

६. शहरातला प्रवास: पिवळ्या गोलाचे नियम

एकेका फेरीची कागदी तिकिटे काढू नयेत, ती बरीच महाग पडतात. ऑयस्टर कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचे टीएफएलचे प्रवासाचे कार्ड, किंवा स्पर्शाने चालणारे बँक कार्ड वापरावे. स्थानकाच्या फाटकावर पिवळा गोल असतो. आत जाताना त्याला कार्ड टेकवायचे आणि बाहेर पडतानाही टेकवायचे. काही छोट्या स्थानकांवर फाटक नसते, नुसता खांबावर पिवळा गोल असतो आणि गर्दीबरोबर माणूस सरळ बाहेर पडतो. मग प्रवास अपुरा धरला जाऊन सर्वांत जास्त भाडे कापले जाते. बसमध्ये याच्या उलट: फक्त चढताना टेकवायचे, उतरताना नाही. बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत.

दर माणशी एक कार्ड लागते. नवरा-बायकोने एकच कार्ड आळीपाळीने टेकवून चालत नाही. तसेच सकाळी प्लास्टिकचे कार्ड आणि संध्याकाळी तेच कार्ड फोनमधून वापरले तर ती यंत्रणेच्या दृष्टीने दोन वेगळी कार्डे ठरतात आणि दिवसाच्या मर्यादेचा लाभ निम्मा जातो. भारतीय बँकेचे कार्ड अधिभार लावणारे असेल तर प्रत्येक फेरीवर तो भरण्यापेक्षा ऑयस्टर घेऊन त्यात एकदाच पैसे भरणे बरे. ऑयस्टर कार्डाची स्वतःची किंमत परत मिळत नाही, मात्र ते पुढच्या भेटीतही चालते.

दिवसाच्या मर्यादेखेरीज आठवड्याचीही मर्यादा आहे. पहिल्या-दुसऱ्या झोनसाठी ती २०२५ मध्ये ४४.७० पाउंड होती, परंतु ती सोमवार ते रविवार अशीच मोजली जाते. तुम्ही गुरुवारी पोहोचलात आणि पुढच्या बुधवारपर्यंत राहिलात तर तुमचा आठवडा दोन तुकड्यांत विभागला जातो आणि रोज पूर्ण मर्यादा गाठल्यास त्याच वर्षीच्या दरांनी ६२.३० पाउंड लागतात. अशा वेळी ऑयस्टरवर सात दिवसांचा ट्रॅव्हलकार्ड पास घ्यावा. त्याची किंमत आठवड्याच्या मर्यादेइतकीच, पण तो कोणत्याही वारी सुरू करता येतो. रोज भरपूर फिरणार असाल तरच याचा उपयोग आहे. आठवड्यातले दोन-तीन दिवस घरीच नातवंडांबरोबर जाणार असतील तर पास काढू नये, जसे फिराल तसे पैसे जाऊ द्यावेत.

बसचे भाडे १.७५ पाउंड, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बसगाड्या बदलल्या तरी पुन्हा पैसे कापले जात नाहीत. फक्त बसने फिरलात तर दिवसाची मर्यादा ५.२५ पाउंड, म्हणजे तीन फेऱ्यांचे पैसे. वरच्या मजल्यावर पुढची जागा पकडून शहर पाहणे हे पर्यटक बसच्या महागड्या तिकिटापेक्षा कितीतरी चांगले. ट्राफल्गर चौकाजवळून सेंट पॉल्सवरून टॉवर ऑफ लंडनकडे जाणारी १५ क्रमांकाची आणि संसद भवन, ट्राफल्गर चौक, कॅमडेन करत हॅम्पस्टेड हीथला जाणारी २४ क्रमांकाची बस यासाठी उत्तम. घाई नसताना मी नेहमी बसचाच सल्ला देईन.

मुलांबाबतचे नियम उदार आहेत. अकरा वर्षांखालची मुले प्रौढांबरोबर भुयारी रेल्वेत मोफत जातात, बसमध्येही मोफत. अकरा ते पंधरा वयाच्या मुलांसाठी स्थानकातल्या कर्मचाऱ्याला ‘यंग व्हिजिटर’ सवलत ऑयस्टरवर चढवून द्यायला सांगावे. चौदा दिवसांपर्यंत भाडे निम्मे होते. ही सवलत आपोआप मिळत नाही, मागावी लागते.

ज्येष्ठांबाबत मात्र गैरसमज पुष्कळ आहे. लंडनमध्ये साठीनंतर प्रवास मोफत असे ऐकून लोक येतात, पण ती सोय तिथल्या रहिवाशांसाठी आहे. पर्यटकांना मिळू शकते ते ‘सीनियर रेलकार्ड’: वय साठ पूर्ण असलेल्या कोणालाही ३५ पाउंडांत मिळते आणि देशभरातल्या रेल्वे तिकिटांवर एकतृतीयांश सूट देते. ऑक्सफर्ड, बाथ, एडिंबरा असे बाहेर जाणार असाल तर काही प्रवासांतच पैसे वसूल होऊ शकतात. ते ऑयस्टरला जोडून घेतले तर गर्दी नसलेल्या वेळी शहरातही सूट मिळते. गर्दीची वेळ म्हणजे सोमवार ते शुक्रवार सकाळी ६.३० ते ९.३० आणि दुपारी ४ ते ७. लांबच्या गाड्यांची तिकिटे काही आठवडे आधी, थेट रेल्वे कंपनीच्या संकेतस्थळावरून काढावीत, म्हणजे मध्यस्थाचे शुल्क लागत नाही.

नकाशात दूर वाटणारी स्थानके जमिनीवर जवळ असतात. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर जेमतेम २६० मीटर आहे, तरी लोक सरकत्या जिन्यांनी खाली उतरून भाडे भरतात. पहिल्या झोनमध्ये आधी चालण्याचा विचार करावा. गाडी भाड्याने घेऊ नये. मध्य लंडनमध्ये गर्दी शुल्कच जानेवारी २०२६ पासून दिवसाला १८ पाउंड झाले आहे, वाहनतळाचे पैसे वेगळे.

७. खाणेपिणे

घरून काय न्यावे, यापेक्षा काय नेऊ नये हे आधी पाहावे. भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. तूप, पनीर, श्रीखंड, पेढे, बर्फी हे सामानात सापडले तर जप्त होते. मुलांसाठी प्रेमाने केलेला खवा विमानतळावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकावा लागणे फार जिवाला लागते. चिवडा, भडंग, सुक्या चटण्या, मेतकूट, भाजणी, कोरडे लाडू यांनी बॅग भरावी, मात्र लाडू तुपाचे नकोत.

हॉटेलच्या खोलीत स्वयंपाक करता येत नाही. धुराचा इशारा देणारी यंत्रे अतिशय संवेदनशील असतात आणि छोट्या कुकरच्या वाफेनेही वाजू शकतात. पण बहुतेक खोल्यांत पाणी उकळण्याची किटली असते. तयार उपमा, पोहे, सूप यांची गरम पाणी ओतून होणारी पाकिटे नेली तर सकाळचा नाश्ता निभावतो. खोलीबरोबर नाश्ता मिळत असेल तर तो भरपेट करून निघावे आणि दुपारचे जेवण हलके ठेवावे.

दुपारसाठी टेस्को, सेन्सबरीज यांसारख्या दुकानांतला ‘मील डील’ हा लंडनकरांचा रोजचा आधार: सँडविच, एखादा खाऊ आणि पेय मिळून साधारण चार-पाच पाउंडांत. त्याच कंपन्यांच्या मोठ्या दुकानांपेक्षा गल्लीतली छोटी दुकाने महाग असतात. लिडल आणि आल्डी याहून स्वस्त. संध्याकाळी उशिरा गेलात तर मुदत संपत आलेल्या ताज्या पदार्थांवर पिवळी चिठ्ठी लावून किंमत उतरवलेली असते.

कॉफीच्या किंवा बेकरीच्या दुकानात गल्ल्यावर ‘इथेच खाणार की घेऊन जाणार?’ असे विचारतात. हा शिष्टाचाराचा प्रश्न नाही. थंड पदार्थ बांधून घेतला तर बहुधा त्यावर मूल्यवर्धित कर लागत नाही, बसून खाल्ला तर २० टक्के लागतो, म्हणून त्याच सँडविचच्या दोन किमती असतात. हवा बरी असेल तर बांधून घ्यावे आणि जवळच्या बागेत बसावे. लंडनमध्ये बाग कधीच लांब नसते.

शाकाहारी मंडळींनी ध्यानात ठेवावे की ‘व्हेजिटेरियन’ असे लिहिलेल्या पदार्थात तिकडे अंडे असू शकते. अंडे चालत नसेल तर घटकांची यादी वाचावी किंवा ‘व्हीगन’ लिहिलेले घ्यावे. आपले जेवण हवे असेल तर यूस्टनजवळची ड्रमंड स्ट्रीट भेळपुरी आणि थाळीसाठी जुनी प्रसिद्ध आहे. वेम्बलीचा इलिंग रोड गुजराती शाकाहारी खाण्यासाठी आणि साउथॉल पंजाबी पदार्थांसाठी. पर्यटकांनी भरलेल्या चौकांतली भारतीय नावाची उपाहारगृहे टाळली तरी चालतील.

बसून जेवलात तर बिलात बहुधा १२.५ टक्के सेवाशुल्क आधीच जोडलेले असते. ते ऐच्छिक असते. सेवा आवडली असेल तर अवश्य द्यावे, पण त्यावर पुन्हा वेगळी टिप देण्याची गरज नाही. पाण्याची बाटली मागवू नये, ‘टॅप वॉटर’ मागावे. ते शुद्ध असते आणि मद्यपरवाना असलेल्या उपाहारगृहांना ते मोफत देणे कायद्याने बंधनकारक आहे.

८. काय पाहावे, कशाला पैसे द्यावेत

ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅचरल हिस्टरी म्युझियम, सायन्स म्युझियम, टेट मॉडर्न, टेट ब्रिटन, इम्पीरियल वॉर म्युझियम, ग्रिनिचचे नॅशनल मेरीटाइम म्युझियम: या सगळ्यांचे कायमस्वरूपी संग्रह विनामूल्य आहेत. दारातली देणगीची पेटी ऐच्छिक असते, खास प्रदर्शनांना मात्र तिकीट लागते. ब्रिटिश म्युझियमला आधी संकेतस्थळावरून मोफत वेळ राखून ठेवली तर रांग टळते. तेथे अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे आहेत, आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये टिपू सुलतानाचा लाकडी वाघ. शुक्रवारी ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट रात्रीपर्यंत उघडी असतात. ती संध्याकाळ यांच्यासाठीच ठेवावी, म्हणजे उजेडातला वेळ बाहेर फिरायला मिळतो.

उंचावरून शहर पाहण्यासाठी लंडन आय हा मोठा पाळणा किंवा शार्ड ही उंच इमारत यांचे तिकीट काढण्यापूर्वी स्काय गार्डन आणि ‘होरायझन २२’ या उंच इमारतींतल्या मोफत जागांची नोंदणी करून पाहावी. दोन्ही जागा लवकर भरतात, म्हणून तारीख खुली होताच ठरवावे आणि पारपत्र बरोबर ठेवावे. प्रिमरोझ हिलवरून दिसणाऱ्या देखाव्याला नोंदणीही लागत नाही.

त्याच टेकडीजवळ, चॉक फार्म स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, १० किंग हेन्रीज रोड हे घर आहे. लंडनमध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेऊन स्मारक केले असून प्रवेश विनामूल्य आहे. निघण्यापूर्वी उघडण्याच्या वेळा पाहाव्यात. माझ्या दृष्टीने महाराष्ट्रातून येणाऱ्याने चुकवू नये अशी ही जागा आहे. हायगेटमधल्या ६५ क्रॉमवेल ॲव्हेन्यू या, एकेकाळच्या ‘इंडिया हाउस’वर सावरकरांच्या नावाची पाटी आहे. तिथे खासगी लोक राहतात, त्यामुळे रस्त्यावरूनच पाहावे. १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळ लंडनची वास्तू डॉलिस हिल भागात आहे. मुक्काम गणेशोत्सवात किंवा दिवाळीच्या सुमारास असेल तर तिथले कार्यक्रम आधी पाहून ठेवावेत.

पैसे देऊन पाहण्याजोगे काही नाही असे मुळीच नाही. टॉवर ऑफ लंडनचे तिकीट तीस पाउंडांपेक्षा जास्त आहे, पण राजमुकुटांसह कोहिनूर तेथे आहे आणि अर्धा दिवस सहज जातो. सकाळी उघडताच जावे आणि आधी रत्नांच्या दालनाकडे वळावे. वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल्स यांना पर्यटक म्हणून जायला बरेच पैसे लागतात, मात्र संध्याकाळच्या गायनप्रार्थनेला कोणालाही मोफत बसता येते. तेव्हा फिरता येत नाही आणि फोटो काढता येत नाहीत, शांतपणे बसून ऐकायचे असते. नाटकांसाठी लेस्टर स्क्वेअरमधल्या टीकेटीएसच्या खिडकीवर त्या दिवशीची सवलतीची तिकिटे मिळतात आणि शेक्सपिअर्स ग्लोबमध्ये उभे राहून नाटक पाहण्याची तिकिटे पाच पाउंडांपासून असतात.

‘सगळे एका पासात’ अशा पर्यटक पासाबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. पैसे वसूल करण्यासाठी दिवसाला तीन-चार स्थळे उरकावी लागतात आणि मोफत संग्रहालये बाजूला पडतात. तुम्हाला खरोखर पाहायच्या सशुल्क जागा कागदावर लिहाव्यात, त्यांच्या तिकिटांची बेरीज करावी, मगच ठरवावे.

९. फोन, खरेदी आणि परतीची तयारी

फोनसाठी भारतातूनच ई-सिम घ्यावे किंवा शहरातल्या सुपरमार्केटमधून सिम घ्यावे. विमानतळावरचे महाग असते. रस्त्याच्या कडेला उभे राहून नकाशा पाहताना फोन घट्ट धरावा, कारण सायकलवरून येऊन तो हिसकावून नेण्याचे प्रकार मध्य लंडनमध्ये सर्रास होतात. दुकानाच्या दारात सरकून पाहावे. तिकडच्या तीन चौकोनी पिनांच्या प्लगसाठीचा ॲडॉप्टर घरूनच न्यावा, आपल्याकडे तो फार स्वस्तात मिळतो. मोठ्या रेल्वे स्थानकांवरची स्वच्छतागृहे २०१९ पासून मोफत आहेत, संग्रहालयांतलीही.

खरेदीवरचा कर विमानतळावर परत मिळेल या आशेने पावत्या जमवू नयेत. १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये पर्यटकांसाठी ती योजना बंद झाली आहे. त्यामुळे महागडे घड्याळ किंवा पर्स लंडनला घ्यावी हा जुना सल्ला आता लागू नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी ऑयस्टरमध्ये उरलेले पैसे पाहावेत. शिल्लक दहा पाउंडांपर्यंत असेल तर स्थानकातल्या यंत्रातून ती परत घेता येते. फॉरेक्स कार्डावरची शिल्लक भारतात येऊन बँकेत परत करता येते, नोटाही बदलून मिळतात, पण नाणी कोणी घेत नाही. सुपरमार्केटमध्ये रोख घेणाऱ्या स्वयंचलित गल्ल्यावर शेवटची खरेदी करावी: खिशातली सगळी नाणी आधी यंत्रात टाकावीत आणि उरलेली रक्कम कार्डाने भरावी.